लढाई तोंडावर आणि आपलं माणूस पलीकडचं : अनुभव लिहा

जेलरोडची

परवा घरपट्टीची पावती शोधायला पप्पांची जुनी फाईल काढली आणि त्यात भलताच कागद हाती लागला. त्याबद्दल शेवटी लिहीन, आत्ता धीर होत नाहीये. पण हा धागा त्या कागदामुळेच सुचला.

मी नाशिकरोडची. आमच्याकडे घरटी एक माणूस प्रेसमध्ये. पासपोर्ट, टपाल तिकिटं, मुद्रांक छापणारा सिक्युरिटी प्रेस आणि शेजारी नोटांचा. पप्पा एक गोष्ट फार रंगवून सांगायचे. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःच्या नोटा नव्हत्या. मग १९४८ मध्ये आपल्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' असं छापून त्या इथून, नाशिकरोडहून, तिकडे गेल्या. "वेगळं बिऱ्हाड केलं, पण पहिल्या महिन्याचा घरखर्च इथूनच गेला," असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

आणि त्यांची मुलगी प्रेमात पडली कुणाच्या, तर सियालकोटच्या मुलाच्या.

राजकारणावर बोलायला जागा भरपूर आहेत, ते इथे नको. मला एवढंच ऐकायचंय: दोन देश हातघाईवर आलेले असताना तुमचा, किंवा तुमच्या घरातल्या कुणाचा, जीव पलीकडच्या माणसात अडकला होता का? तेव्हा नेमकं काय बंद पडलं? टपाल, व्हिसा, गाडी, फोन? माझ्या बाबतीत तरी आम्ही दोघं भांडायच्या आतच खिडकीवरच्या माणसाने फळी ओढून घेतली होती. इतरांचं काय झालं?

खरी नावं लिहू नका. पलीकडच्याच्या अंगाशी येऊ शकतं.

सिन्नरफाटा

माझं स्वतःचं नाही, पण डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

मी युक्रेनमधल्या खारकीव्हला एमबीबीएस करत होते, चौथं वर्ष. हॉस्टेल सोडून आम्ही तिघी मराठी मुलींनी एका बाईंकडे दोन खोल्या घेतल्या होत्या. बाईंची मुलगी आमच्याच वयाची, तिला ओल्या म्हणते. तिचा मित्र बेल्गोरोदचा, म्हणजे रशियातला. लांब वाटतं, पण खारकीव्हपासून रशियाची हद्द चाळीसेक किलोमीटर आणि बेल्गोरोद ऐंशी. आपल्याकडे हद्द निफाडला आणि मुलगा मनमाडला, असं धरा. दोन्ही घरांत बोलायचे रशियनच. ओल्याची आजी तिकडची, त्यामुळे ही सुट्टीला तिकडे जायची आणि हा शेजारच्या बिल्डिंगमधला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यापासून जाणं-येणं अवघड होत गेलं, तरी तो कसाबसा येत होता. कोरोनात हद्द बंद झाली ती त्यांच्यासाठी काही नीट उघडली नाही.

घरात तो कुणालाच चालत नव्हता. ओल्याचा मामा दोनेत्स्ककडे रशियाधार्जिण्यांविरुद्ध लढून लंगडत परत आलेला. तो जेवायला आला की ही फोन सायलेंट करून पिठाच्या डब्यात ठेवायची. एकदा आम्ही सगळे टेबलाशी असताना डबा थरथरायला लागला. मामाने शांतपणे सूप संपवलं आणि बहिणीला म्हणाला, "उंदीर झालेत तुझ्याकडे. औषध टाक."

त्यांचा एक खेळ होता. युक्रेनियनमध्ये एका गोल पावाला 'पालियानित्स्या' म्हणतात. शब्द साधा आहे, पण रशियन जिभेवर त्याचा शेवट घसरतो. ओल्या व्हिडिओ कॉलवर त्याला तो शब्द म्हणायला लावायची आणि चुकला की गादीवर लोळून हसायची. तो मुद्दाम आणखी चुकवायचा. पुढे लढाई सुरू झाल्यावर हाच शब्द नाक्यावर माणूस पारखायला वापरू लागले. नीट म्हणता आला तर आपला.

जानेवारीपासून सैन्य जमल्याच्या बातम्या रोज येत होत्या. आई फोनवर रडायची, "ये गं परत." मी म्हणायचे, "अगं इथे कुणाला काही नाही, बाजार भरलेत." खरंच भरलेले होते.

२४ फेब्रुवारी २०२२, पहाटे पाचच्या सुमारास काचा हादरल्या. आम्ही कागदपत्रं, बिस्किटं आणि बाईंची मांजर घेऊन मेट्रो स्टेशनात उतरलो. दुपारी त्याचा फोन आला. मला कामापुरती रशियन येत होती, त्यामुळे कळत होतं. तो म्हणत होता, "घाबरू नकोस, फक्त लष्करी ठिकाणांवर आहे, साध्या लोकांना हात लावणार नाहीत." तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही, त्याच्या टीव्हीवर तेच चालू होतं. ओल्याने उत्तर दिलं नाही. जिना चढून वर गेली, दारात उभी राहिली आणि फोन हातभर बाहेर धरला. मिनिटभर तशीच. मग खाली आली आणि फोन बंद करून मांजरीच्या पिशवीत टाकला.

१ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी खारकीव्हमध्येच गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाचा निरोप आला, की संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन मिळत नसेल तर चालत निघा. आम्ही पिसोचिनपर्यंत चाललो. निघताना बाईंनी माझ्या पिशवीत पाव कोंबला, तोच गोल. पुढे रेल्वे, हद्द, रांगा, 'ऑपरेशन गंगा'चं विमान, ते सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलंय. आईने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मी उंबऱ्यावर बसून घेतलं, आत जायचं त्राणच नव्हतं.

सप्टेंबरात रशियाने सैन्यभरती जाहीर केली तेव्हा तो जॉर्जियाच्या हद्दीवर गाड्यांच्या रांगेत होता. पळाला म्हणून तिकडच्यांना गद्दार, आणि रशियन म्हणून इकडच्यांना शत्रू. तिबिलिसीहून त्याने सात महिन्यांनी ओल्याला एक व्हॉइस मेसेज पाठवला. चार सेकंदांचा, एकच शब्द. ओल्याने तो मला पुढे पाठवला, सोबत काहीही न लिहिता. मी दहा वेळा तरी ऐकला असेल. शेवट घसरलाय की नाही हे सांगता येण्याइतकी युक्रेनियन मला येत नाही.

पिंपळगावकर

वरचं वाचून हलकं काही लिहावंसं वाटत नव्हतं, पण लिहितो. आमचं प्रेम टोमॅटोवर. पिंपळगाव बसवंतचा माल एके काळी वाघा सीमेवरून लाहोरला जायचा. तणाव वाढला की टीव्हीच्या आधी आम्हाला कळायचं, कारण गाड्या उभ्या राहायच्या. तिकडच्या एका आडत्याशी वडिलांची पंधरा वर्षांची ओळख, दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने व्यापारच बंद केला. वडील अजून भाव पडले की म्हणतात, "त्याला फोन लावू का रे?"

प्रेमच आहे की हे.

त्रिमूर्ती_चौक

माझी गोष्ट सांगितली की लोक आधी हसतात आणि मग टीव्हीवर गाजलेल्या एका बाईचं नाव घेतात. म्हणून इतकी वर्षं तोंड उघडलं नाही.

डिसेंबर २०१८, पबजी. स्क्वॉडमध्ये कोणीही येतं तशी एक मुलगी आली आणि पहिलं वाक्य ऐकलं ते, "पीछे बंदा है, लेट जाओ." लेटलो, वाचलो. कराचीची होती. माझं हिंदी सिडकोचं, मेरेको-तेरेको. ती म्हणायची की तू जेवलास का विचारतोस तेव्हासुद्धा भांडण काढतोयस असं वाटतं. रोज रात्री आमचे साडेदहा, तिचे दहा. ती कायम माझ्यापेक्षा अर्धा तास मागे, यावरून मी तिला पिडायचो.

१४ फेब्रुवारीला पुलवामा झालं. २६ ला बालाकोट. २७ ला सकाळी बडगामजवळ आपलं हेलिकॉप्टर पडलं आणि त्यात नाशिकचा अधिकारी गेला. पार्थिव नाशिकला आलं तेव्हा मी रस्त्याकडेला गर्दीत उभा होतो. घोषणा देत होतो, अगदी पोटातून. खिशात फोन थरथरला. काढला नाही. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि मग वाचला: "तुम ठीक हो? यहाँ सब फ़्लाइट्स बंद हैं." मी लिहिलं, "आमच्या गावातला माणूस मेला आणि तुला फ्लाइटचं पडलंय." त्यानंतर दोन आठवडे मी ऑनलाइन गेलोच नाही.

ऑक्टोबरात हवाईदलाने मान्य केलं, की ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं, मोठी चूक झाली. ती बातमी मी तिला पाठवली नाही. तिने वाचली असणार. बोलली मात्र नाही कधी.

पुढचं ऐका. पाकिस्तानशी एवढं होऊन आमचं तुटलं नाही, तुटलं ते चीनशी भांडण झाल्यावर. गलवान झालं आणि २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. ज्यांच्या फोनमध्ये आधीच होतं त्यांचं ऑक्टोबरअखेरपर्यंत चालू होतं. म्हणजे नंबर घ्यायला आमच्याकडे जवळजवळ दोन महिने होते. तिला भावाची धास्ती, माझे वडील पोलीस खात्यात. रोज म्हणायचो, उद्या. शेवटच्या रात्री शेवटच्या चौघांत आलो आणि जिंकायच्या नादात कामाशिवाय एक शब्द बोललो नाही. जिंकलो पण.

तोफखान्यातला

देवळालीत स्थायिक आहे. १९९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासला होतो. इथले अनुभव वाचले. स्पष्ट लिहितो, मला राग आला. माझ्या तोफेवरचा मुलगा एकवीस वर्षांचा होता, त्याची सोयरीक ठरलेली होती. तिच्याबद्दल कोण धागा काढणार?

जेलरोडची

काका, तुम्हीच लिहा ना. हे उगाच म्हणत नाहीये. तिचं पुढे काय झालं?

तोफखान्यातला

त्याच्या धाकट्या भावाशी लावून दिलं. सुखात आहे असं म्हणतात. जास्त विचारू नका.

जुनं_नाशिक

आमच्या दादीच्या धाकट्या बहिणीची गोष्ट. सगळे तिला खालाजान म्हणत. घर कोकणीपुऱ्यात.

१९६४ च्या एका लग्नात कराचीहून पाहुणे आले होते, त्यांच्यातला एक मुलगा. नात्यातलाच, पण खालाजानच्या अब्बांनी ठणकावून सांगितलं, मुलगी हद्दीपार देणार नाही. त्यांचा स्वतःचा सख्खा भाऊ १९४७ ला गेलेला, त्याच्या मय्यतीलाही त्यांना जाता आलं नव्हतं. "एक दिला, बस्स झालं."

पत्रं चालू राहिली. सप्टेंबर १९६५ ची लढाई झाली आणि थेट पत्रांचा भरवसा संपला. मग बहारीनमध्ये कामाला असलेल्या एका मावसभावाच्या पत्त्यावर पाकिटात पाकीट घालून जायची. नाशिकहून कराची, व्हाया बहारीन. एक पत्र पोचायला कधी दीड महिना, त्यामुळे भांडण झालं तर मिटेपर्यंत तीन महिने जात. दादी सांगायची की खालाजान रुसायचीच नाही, परवडायचं नाही म्हणून.

१९७१ ला तेही तुटलं. खालाजानचं लग्न मालेगावला झालं.

१९७४ मध्ये दोन देशांत टपाल पुन्हा सुरू झालं आणि कोकणीपुऱ्यातल्या जुन्या पत्त्यावर कराचीचं एक पाकीट आलं, तिच्या नावाचं. अब्बांनीच दारात घेतलं. फोडलं नाही. टोपी घातली, एसटी पकडली आणि मालेगावला जाऊन मुलीच्या हातात दिलं. तिच्या कडेवर एक आणि पायाशी एक. तिने चुलीपाशी उभ्याउभ्याच वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "अब्बा, जेवून जाणार ना?"

आत काय होतं हे तिने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. अब्बा जेवून आले, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. वांग्याचं कालवण होतं म्हणे.

बर्लिनहून_नाशिककर

दोनच ओळी. आमच्या फ्लॅटमध्ये एक इराणी मुलगी राहते, तिचा मित्र इस्रायली. तिच्या पासपोर्टवर छापलेलंच आहे, की या पासपोर्टवर व्याप्त पॅलेस्टाईनला, म्हणजे इस्रायलला, जाता येणार नाही. तिकडे घरी तिने त्याला ग्रीक म्हणून सांगून ठेवलंय. १३ जून २०२५ ला, इस्रायलने इराणवर हल्ला केला त्या सकाळी, मी पोहे परतत होतो आणि ते दोघं स्वयंपाकघरात समोरासमोर बसून आपापल्या आईला फोन लावत होते. त्याचा लागला. तिचा लागत नव्हता, म्हणून त्याने आपला लवकर आटपला. कांदा करपला माझा.

(हो, दोनपेक्षा जास्त झाल्या.)

लॅमरोडवाली

आम्ही सिंधी, पण माझी पिढी मराठीत भांडते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या ज्या छावण्या लागल्या त्यात देवळालीचीही होती. आजोबा तिथे नवव्या वर्षी आले, लष्कराच्या बराकीत. आज वय ८७.

मी दुबईला नोकरीला होते. तिथे भेटलेला मुलगा मीरपूरखासचा, म्हणजे पाकिस्तानातल्या सिंधचा. सिंधी, हिंदू, आमच्यासारखाच. पासपोर्ट तेवढा हिरवा. मला वाटलं, घरात सगळे अडतील पण आजोबा उचलून धरतील. त्यांचं गाव तिथून जवळच. झालं उलटं. आई-बाबा कुरकुरत तयार झाले आणि आजोबा म्हणाले, "त्या मातीत परत मुलगी पाठवायची नाही. आणि तो इकडे आला तर त्याच्या आईचं कोण बघेल? मी बघितलंय आईचं काय होतं ते."

बरं, नकार दिला तर बोलणं तरी सोडावं. तेही नाही. कारण काय, तर घरात अस्सल सिंधी बोलणारं कुणी उरलेलं नाही. माझी सिंधी म्हणजे जेवण-झोप-पैसे. त्यामुळे दर रविवारी सकाळी अकराला आजोबा माझ्या फोनवरून त्याच्याशी तासभर बोलतात. तो त्यांना जुन्या अरबी वळणाच्या लिपीत मेसेज करतो, तो त्यांनाच वाचता येतो, मला नाही. म्हणजे माझ्याच प्रियकराने माझ्याच फोनवर पाठवलेलं मला आजोबांकडून वाचून घ्यावं लागतं. आणि काही ओळी ते गाळतात! चेहऱ्यावरून कळतं. तास संपला की फोन हातात देतात आणि म्हणतात, "बोलायला चांगला आहे. लग्न नाही."

एप्रिल २०२५ मध्ये ते जरा मवाळ झाले होते. मुलाला एकदा समोर बघू, म्हणाले. त्याने व्हिसाचा अर्ज टाकला. २२ तारखेला पहलगाम. दोन दिवसांत पाकिस्तान्यांचे व्हिसा बंद, २७ पासून आधी दिलेलेही रद्द, अटारीची हद्द बंद. अर्जाचं काय झालं हे विचारायलाही जागा उरली नाही.

मे महिन्यात मॉक ड्रिलच्या यादीत नाशिकचं नाव आलं. मी दुपारी झोपून उठले तर आजोबा स्टुलावर चढून हॉलच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवत होते. ८७ वर्षांचा माणूस! १९७१ ला देवळालीत ब्लॅकआउट असायचा तेव्हा असंच करायचो, म्हणाले. मी खाली ओढलं, रागावले. ते म्हणाले, "रविवारी तो फोन करेल ना?" म्हटलं, माहीत नाही. तेव्हा पुढच्या काचेवर लावायच्या कागदाला त्यांनी कणकेची खळ लावली आणि माझ्या हातात दिला.

केला त्याने फोन. ११ मे, शस्त्रसंधीच्या दुसऱ्या दिवशी. दोघं काय बोलले ते मला समजलं नाही. कागद अजून काचेवर आहेत, खळीचे डाग निघत नाहीत.

तोफखान्यातला

आजोबांना माझा नमस्कार सांग. लॅम रोडलाच राहतो मी. स्टुलावर चढायचं काम असेल तर हाक मार.

जेलरोडची

सगळ्यांनी एवढं लिहिल्यावर मी टाळणं बरं दिसत नाही.

२००८. शेफिल्डला मास्टर्स संपवून तिथेच छोटी नोकरी करत होते. तो सियालकोटचा, घरी फुटबॉल शिवायचा धंदा. कुठेही बॉल दिसला की उचलून टाके बघायचा, पोरं खेळत असली तरी. आम्हा दोघांत भांडण असं झालं नाही. भाषेचं म्हणाल तर तो 'कढी' म्हणायचा आणि मी 'कढी' म्हणायचे, आणि दोघांच्या मनात वेगवेगळं भांडं असायचं, इतकाच फरक.

ठरवलं होतं की जानेवारी २००९ मध्ये त्याने नाशिकला यायचं. तेव्हा पाकिस्तानी माणसाला आपला व्हिसा शहराच्या नावाने मिळायचा, आणि इथल्या यजमानाचं हमीपत्र लागायचं, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह. त्यात एक रकाना असायचा: पाहुण्याशी नातं. मी कोरा नमुना पोस्टाने घरी पाठवला आणि मग फोन केला. आई रडली. पप्पा बराच वेळ गप्प होते. मग विचारलं काय, तर "त्याचा पासपोर्ट मशीनवर वाचता येणारा आहे का जुना?" म्हटलं, मशीनवरचा. "बरं. बघतो."

२६ नोव्हेंबरला रात्री आम्ही पाचसहा जण एकाच टीव्हीसमोर होतो, दोन्ही देशांचे. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तुमच्याकडचेच आहेत ना हे?" वाक्य तोंडातून गेल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं, की मी 'तुमच्याकडचे' म्हणाले होते. वर्षभरात पहिल्यांदा. तो म्हणाला, "चहा ठेवू का?" आणि ठेवला.

डिसेंबरभर युद्ध होणार, युद्ध होणार. आईचा फोन: "आता हे तोंडातून काढू नकोस. पप्पा प्रेसमध्ये आहेत, उद्या कुणी चौकशी लावली तर?" कुणी लावली नव्हती. पण भीती खरी होती. हमीपत्राबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मी धरून चालले की फाडलं असेल. २००९ च्या उन्हाळ्यात तो सियालकोटला गेला. आम्ही एकमेकांना नाही असं कधी म्हटलंच नाही. पप्पा तीन वर्षांपूर्वी गेले.

तर परवाचा कागद. वीजबिलं आणि घरपट्टीच्या मधे, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तेच हमीपत्र, पूर्ण भरलेलं, पप्पांच्या सुबक अक्षरात. खाली सही, गोल शिक्का आणि तारीख २४-११-०८. सोमवार होता तो, मी कॅलेंडर काढून पाहिलं. नात्याच्या रकान्यात निळ्या पेनाने 'फ्रेंड'.

पण कागद खरखरीत लागला. पप्पांनी लहानपणी नोट कशी बघायची ते शिकवलं होतं, सरळ नाही, उजेडात तिरपी धरायची. तशी धरली. 'फ्रेंड'च्या खाली पेन्सिलने मराठीत आधी काहीतरी लिहून खोडलंय. पहिला शब्द वाचता येतो, 'भावी'. पुढचा पूर्ण घासून टाकलाय.

आईला दाखवलं. ती चष्मा लावून बघत बसली आणि म्हणाली, "अक्षर बाकी छान होतं त्यांचं."

घरपट्टीची पावती काही सापडली नाही. उद्या पालिकेत जाऊन दुसरी काढावी लागणार.